पानिपत आणि मानवी मन : बोधनिक मानसशास्त्राच्या मूलभूत संकल्पना

विकासाची कोणतीही योजना कागदावर कितीही निर्दोष असली, तरी तिचे यश अखेर सामान्य माणसाने घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते. बाळाला लस टोचून घ्यायची की नाही, मुलीला शाळेत ठेवायचे की घरी बसवायचे, पिकाचा विमा उतरवायचा की नाही, हे निर्णय मंत्रालयात होत नाहीत. ते घराच्या ओसरीवर होतात. पारंपरिक अर्थशास्त्राने दीर्घकाळ असे गृहीत धरले होते, की माणूस उपलब्ध माहितीचा पूर्ण विचार करून स्वतःच्या अधिकाधिक हिताचा पर्याय निवडतो. गेल्या काही दशकांत हे गृहीतक बरेच सैल झाले. माणूस माहिती कशी ग्रहण करतो, ती कशी लक्षात ठेवतो आणि तिच्यावरून निष्कर्ष कसे काढतो, याचा पद्धतशीर अभ्यास बोधनिक मानसशास्त्राने केला, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही या विषयाचे महत्त्व वाढले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. शिवाय २०१३ पासून सामान्य अध्ययनाच्या चौथ्या प्रश्नपत्रिकेत अभिवृत्ती व भावनिक बुद्धिमत्ता यांसारख्या घटकांचा समावेश झाला आहे. प्रस्तुत लेखात संवेदन, स्मृती, विचार आणि बुद्धिमत्ता या चार मूलभूत संकल्पनांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. बहुतेक उदाहरणे एकाच गावाभोवतीची घेतली आहेत. ते गाव म्हणजे हरियाणातील पानिपत.

पानिपतची निवड सहेतुक आहे. 'पानिपत' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात १७६१ चा पराभव उभा राहतो. मराठी भाषेत 'पानिपत होणे' याचा अर्थच दारुण पराभव होणे असा आहे. तोच शब्द उत्तर भारतातील कापड व्यापाऱ्यास घोंगड्या, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून तयार होणारे सूत यांची आठवण करून देतो. उर्दू साहित्याच्या अभ्यासकास तेथे जन्मलेले कवी अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) आठवतात. शब्द एक, पण त्याच्याशी जोडलेले अर्थांचे जाळे प्रत्येकाचे वेगळे. पूर्वानुभवातून तयार झालेल्या अशा ज्ञानाच्या चौकटीस मानसशास्त्रात 'स्कीमा' म्हणतात. नवी माहिती रिकाम्या मनावर उमटत नाही. ती या चौकटीतून गाळून आत येते. बोधनिक मानसशास्त्राचे हे पायाभूत सूत्र होय.

ज्ञानशाखेची वाटचाल

व्हिल्हेल्म व्हुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ मानला जातो. व्यक्तीने स्वतःच्या मनात डोकावून केलेले वर्णन, म्हणजे आत्मनिरीक्षण, ही त्या काळातील एक प्रमुख पद्धती होती. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी या पद्धतीस आक्षेप घेऊन वर्तनवादाची मांडणी केली. जे डोळ्यांनी दिसते व मोजता येते, त्या वर्तनाचाच अभ्यास शास्त्राने करावा, असे वर्तनवाद्यांचे म्हणणे होते. उद्दीपक आणि प्रतिक्रिया यांच्यामध्ये मनात काय घडते, हा प्रश्न त्यामुळे काही दशके मागे पडला.

१९५० च्या दशकात चित्र पालटले. संगणकाच्या उदयामुळे माहितीची नोंद, साठवण आणि प्रक्रिया यांविषयी बोलण्यास नवी परिभाषा मिळाली. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीच्या क्षमतेवर निबंध लिहिला. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये भाषेच्या वर्तनवादी उपपत्तीवर कठोर टीका केली. उल्रिक नायसर यांच्या १९६७ च्या ग्रंथाने या ज्ञानशाखेस 'बोधनिक मानसशास्त्र' हे नाव रूढ करून दिले. ज्ञान मिळविणे, साठविणे आणि वापरणे या मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास, अशी या शाखेची थोडक्यात व्याख्या करता येईल.

वेदन, अवधान आणि संवेदन

ज्ञानेंद्रियांवर उद्दीपकाचा परिणाम होऊन मेंदूपर्यंत जो कच्चा संदेश पोहोचतो, त्यास वेदन म्हणतात. त्या संदेशाची निवड, जुळवाजुळव आणि अर्थबोध यांच्या प्रक्रियेस संवेदन म्हणतात. या दोहोंच्या दरम्यान अवधानाचे कार्य चालते. एका क्षणी असंख्य उद्दीपक इंद्रियांवर आदळत असतात. त्यांपैकी मोजक्यांवर मन केंद्रित होते. गोंगाटाच्या लग्नमंडपात दूरवर कोणी आपले नाव घेतले, तर ते आपल्याला चटकन ऐकू येते, हे निवडक अवधानाचे परिचित उदाहरण.

वेदन आणि संवेदन यांतील भेद पानिपतच्या रणांगणावरून स्पष्ट करता येतो. ५ नोव्हेंबर १५५६ रोजी झालेल्या दुसऱ्या लढाईत हेमूची बाजू वरचढ होत असताना त्याच्या डोळ्यात बाण लागला व तो हत्तीवरील हौद्यात कोसळला. सेनापती दिसेनासा होताच सैन्याने पळ काढला. १४ जानेवारी १७६१ रोजी तिसऱ्या लढाईत विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि रिकामी अंबारी पाहून मराठी फौजेत घबराट पसरली, असे वर्णन अनेक लेखकांनी केले आहे. दोन्ही प्रसंगी सैनिकांच्या डोळ्यांना दिसली ती रिकामी अंबारी. हे वेदन झाले. 'धनी पडला, आता सर्व संपले' हा अर्थ त्यांच्या मनाने लावला. ते संवेदन होय. १७६१ मध्ये भाऊसाहेब त्या क्षणी जिवंत होते व लढत होते. वेदन अचूक होते, परंतु अर्थ चुकला होता. अर्थात, मराठ्यांच्या पराभवास रसदेची टंचाई, उपासमार, मित्रांचा अभाव अशी अनेक कारणे होती. येथे केवळ एका घटकाकडे लक्ष वेधले आहे.

संवेदनाची प्रक्रिया दोन दिशांनी चालते. उद्दीपकाकडून मनाकडे जाणाऱ्या प्रक्रियेस 'तळातून वर' आणि अपेक्षा व पूर्वज्ञान यांच्याकडून उद्दीपकाकडे येणाऱ्या प्रक्रियेस 'वरून खाली' असे म्हणतात. मॅक्स व्हर्दायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ पासून विकसित केलेल्या समष्टिवादी संप्रदायाने असे दाखवून दिले, की मन सुटे घटक पाहत नाही, तर त्यांची आकृती बांधते. जवळ असलेल्या वस्तू एका गटात घालणे, सारख्या वस्तू एकत्र करणे, अपुरी रेषा मनाने पुरी करणे आणि आकृतीस पार्श्वभूमीपासून वेगळे काढणे, हे त्यांनी सांगितलेले प्रमुख नियम परीक्षेच्या दृष्टीने लक्षात ठेवावेत.

स्मृती : संकेतन, साठवण आणि प्रत्यानयन

स्मृतीचे तीन टप्पे मानले जातात. माहितीला मनात ठेवता येईल असे रूप देणे म्हणजे संकेतन, ती टिकवून धरणे म्हणजे साठवण आणि गरजेच्या वेळी ती बाहेर काढणे म्हणजे प्रत्यानयन. रिचर्ड ॲटकिन्सन व रिचर्ड शिफ्रिन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात वेदनिक, अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे स्मृतीचे तीन साठे कल्पिले आहेत. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये अल्पकालीन साठ्याऐवजी 'कार्यकारी स्मृती' ही संकल्पना सुचविली. ही स्मृती केवळ माहितीची तात्पुरती कोठी नसून तोंडी हिशेब करताना किंवा दीर्घ वाक्य समजून घेताना प्रत्यक्ष काम करणारी मनाची कार्यशाळा होय.

अल्पकालीन स्मृतीत एका वेळी सात, अधिक-उणे दोन, घटक मावतात असे मिलर यांनी म्हटले. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या विवेचनानुसार ही क्षमता चारच्या आसपास आहे. ही मर्यादा ओलांडण्याचा उपाय म्हणजे घटकांचे गट पाडणे. १५२६१५५६१७६१ हा बारा आकडी क्रम एकदा वाचून सांगणे कठीण आहे. परंतु तो १५२६, १५५६ आणि १७६१ असा, म्हणजे पानिपतच्या तीन लढायांची वर्षे म्हणून वाचला, की बारा घटकांचे तीन होतात. पहिल्या व दुसऱ्या लढाईत तीस वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात घेतल्यास भार आणखी हलका होतो. पूर्वज्ञान असेल, तरच असे गट पडतात. म्हणूनच ज्यास विषय थोडा ठाऊक असतो, त्याला त्याच विषयातील नवी माहिती लवकर लक्षात राहते.

दीर्घकालीन स्मृतीचेही प्रकार आहेत. एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये प्रासंगिक व अर्थविषयक असा भेद केला. स्वतः अनुभवलेल्या घटनेची आठवण प्रासंगिक. 'तिसरी लढाई १७६१ मध्ये झाली' हे ज्ञान अर्थविषयक. तिसरा प्रकार कौशल्याच्या स्मृतीचा. पानिपतच्या मागावर बसलेल्या जुन्या विणकराचे हात जो क्रम बिनचूक पार पाडतात, तो शब्दांत सांगा म्हटले तर त्याला अडखळायला होईल. ही प्रक्रियात्मक स्मृती होय. कौशल्य विकासाचे कार्यक्रम केवळ वर्गातील व्याख्यानांनी का भागत नाहीत, याचे उत्तर या भेदात सापडते.

आठवण म्हणजे पुनर्रचना

स्मृती ही छायाचित्रासारखी असते, हा समज संशोधनाने दूर केला आहे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवून दिले, की ऐकलेली कथा पुन्हा सांगताना माणसे अपरिचित भाग गाळतात आणि आपल्या संस्कृतीस जुळेल असा भाग नकळत घालतात. आठवणे म्हणजे साठविलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे, तर दरवेळी ती नव्याने रचणे होय.

महाराष्ट्रात याचे एक बोलके उदाहरण आहे. पानिपतची लढाई मकर संक्रांतीच्या दिवशी झाली, असे अनेकजण खात्रीपूर्वक सांगतात. 'संक्रांत कोसळली' हा शब्दप्रयोगही त्यास जोडला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. निरयन वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांच्या लांबीत किंचित फरक असल्याने संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकर संक्रांतीचा. त्या वर्षी ती १२ जानेवारीस होती. त्यापूर्वी शंभर वर्षे मागे गेल्यास ती १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे १४ जानेवारी १७६१ हा संक्रांतीचा दिवस नव्हता. विसाव्या शतकातील कॅलेंडरची तारीख लोकस्मृतीने अठराव्या शतकावर बसविली. यात कोणी हेतुपुरस्सर खोटे बोलले नाही. स्कीमाने मोकळी जागा भरून काढली. मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडलेली सामूहिक स्मृतीची कल्पना हीच. समूह भूतकाळ आठवतो तो वर्तमानाच्या चौकटीत.

इतिहासकारांस ही अडचण नवी नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने लढाईचा वृत्तान्त फारसीत लिहिला तो १७८० मध्ये, म्हणजे जवळपास दोन दशकांनंतर. नाना फडणीस वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तेथे हजर होते. त्यांनी स्वतःची हकिकत लिहून ठेवली. बखरी आणखी वेगळे सांगतात. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी पानिपतचा अभ्यास करताना या साधनांची एकमेकांशी आणि समकालीन पत्रांशी ताडून परीक्षा केली. साधनचिकित्सा ही एका अर्थाने स्मृतीची चिकित्साच होय.

प्रत्यानयनाचे प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा असे दोन प्रकार आहेत. 'तिसऱ्या लढाईतील मराठी सेनापती कोण?' या प्रश्नाचे उत्तर स्वतः देणे हे प्रत्यावाहन. चार पर्यायांतून ते ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. प्रत्यभिज्ञा तुलनेने सोपी असते, पण ती फसवीही असते. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी शंका राहिल्याने त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे उत्तरेत भाऊसाहेब म्हणून एक इसम प्रकट झाला. तो तोतया असल्याचे ठरवून त्याला कैदेत टाकण्यात आले. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटला, तेव्हा कोकणात त्याच्याभोवती मोठे बंड उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात चौकशी होऊन त्यास देहान्त शासन झाले. त्याला मिळालेल्या पाठिंब्यात राजकीय स्वार्थ होताच. परंतु अनेकांनी त्याला मनापासून 'ओळखले' होते. पंधरा वर्षांपूर्वीचा पुसट चेहरा आणि 'भाऊ परत यावेत' ही उत्कट इच्छा यांच्या संयोगातून ही ओळख पटली. आपल्या समजुतीस अनुकूल तेवढाच पुरावा टिपण्याच्या या प्रवृत्तीस पूर्वग्रहपुष्टी म्हणतात.

एलिझाबेथ लोफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारले. प्रश्नात 'चक्काचूर' अशा अर्थाचे तीव्र क्रियापद वापरले, की प्रेक्षक वाहनांचा वेग अधिक सांगत. आठवड्यानंतर त्यांच्यापैकी काहींना न दिसलेल्या फुटलेल्या काचाही आठवल्या. तपासातील ओळखपरेड आणि साक्षीदाराची जबानी यांबाबत इतकी काळजी का घ्यावी लागते, हे यावरून ध्यानात येईल. निरपराध माणसाचे स्वातंत्र्य कधी कधी एका पुसट आठवणीवर टांगलेले असते.

विचार : तर्क आणि ठोकताळे

समोर नसलेल्या वस्तूंच्या व घटनांच्या मानसिक प्रतिमा व प्रतीके वापरून केलेली मनाची क्रिया म्हणजे विचार. संकल्पना-निर्मिती, समस्या-परिहार, तर्क आणि निर्णय ही त्याची प्रमुख रूपे. सामान्य नियमावरून विशिष्ट निष्कर्ष काढणे म्हणजे निगमन आणि अनेक विशिष्ट उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाणे म्हणजे विगमन.

प्रत्यक्ष जीवनात माणूस इतक्या शिस्तीने विचार करीत नाही. वेळ, माहिती आणि कार्यकारी स्मृतीची क्षमता या तिन्ही गोष्टी मर्यादित असतात. त्यामुळे माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत न बसता 'चालण्यासारखा' पर्याय मिळताच थांबतो, असे हर्बर्ट सायमन यांनी प्रतिपादन केले. सीमित विवेकशीलतेच्या या सिद्धान्ताचे प्रणेते सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲमॉस ट्वर्स्की व डॅनियल काहनेमन यांनी १९७४ मध्ये माणसाच्या तीन ठोकताळ्यांचे वर्णन केले. चटकन आठवणारी घटना अधिक संभाव्य वाटणे म्हणजे उपलब्धता. नमुन्याशी साम्य दिसले, की ती वस्तू त्याच वर्गातली मानणे म्हणजे प्रातिनिधिकता. प्रथम ऐकलेल्या आकड्याभोवती अंदाज घुटमळणे म्हणजे नांगर. १९७९ मध्ये त्यांनी आणखी दाखवून दिले, की तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. ट्वर्स्की यांचे १९९६ मध्ये निधन झाले. काहनेमन यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि २०१७ चे रिचर्ड थेलर यांना. मानसशास्त्रातील संशोधन अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आल्याची ही खूण होय.

काहनेमन यांनी विचाराच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत. एक जलद, सहज आणि भावनेच्या जवळची. दुसरी मंद, श्रमाची आणि तर्कनिष्ठ. पहिली पद्धती निरुपयोगी नाही, तिच्याशिवाय रस्ता ओलांडणेही अशक्य होईल. परंतु दूरवरचे परिणाम असलेले निर्णय तिच्यावर सोडल्यास मोठी किंमत मोजावी लागते. ही किंमत कधी कधी दुसऱ्यालाच मोजावी लागते.

पानिपत, २२ जानेवारी २०१५

'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या योजनेचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे केला. स्थळाची निवड सूचक होती. २०११ च्या जनगणनेनुसार हरियाणात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८३४ मुली होत्या. महाराष्ट्रानेही स्वतःस वेगळे समजण्याचे कारण नाही. गर्भजल परीक्षेच्या नियमनाचा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम करणाऱ्या या राज्यात हेच प्रमाण २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले.

मुलगी नको, हा निर्णय मुळात समाजातील विषम सत्तासंबंध, मालमत्तेचे हक्क आणि हुंडा यांतून येतो. पण तो मनात कसा घडतो, हे बोधनिक संकल्पनांच्या आधारे उलगडता येते. शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज डोळ्यांसमोर असते. वृद्ध आईवडिलांना सांभाळणाऱ्या मुलीची बातमी होत नाही. हा उपलब्धतेचा ठोकताळा. मुलीवरील खर्च नजीकचा व निश्चित, तिच्या शिक्षणाचा लाभ दूरचा व अनिश्चित. त्यात हानीचे वजन मनात मोठे. 'मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी' हा स्कीमा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. शिवाय प्रत्येक कुटुंबास वाटते, की साऱ्या गावाचे मत असेच आहे.

याहून मूलभूत अडचण संवेदनाची आहे. लिंगगुणोत्तर कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही. एका वाडीत वर्षभरात दहा-बारा बाळे जन्मली आणि त्यांत मुली कमी निघाल्या, तर तो योगायोग वाटतो. हजारांच्या गणतीतच त्याचे भीषण रूप प्रकट होते. जळगाव जिल्ह्यातून पुढे आलेल्या 'गुड्डा-गुड्डी फलक' या उपक्रमाचे महत्त्व येथे आहे. गावात जन्मलेल्या मुलामुलींची संख्या चौकातील फलकावर लावली, की अमूर्त आकडेवारी संवेदनाच्या कक्षेत येते. हा उपक्रम पुढे राष्ट्रीय योजनेत स्वीकारला गेला. हरियाणातील जिंद जिल्ह्याच्या बीबीपूर गावात २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'मुलीसोबत सेल्फी' मोहिमेने दुसरे काम केले. मुलीचा अभिमान बाळगणारे बाप किती आहेत, हे तिने इतर बापांना दाखविले. प्रचलित समजूत बदलण्यासाठी नवी उदाहरणे सहज आठवतील अशी समोर आणणे, हे तिचे तत्त्व. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात वर्तनशास्त्राधारित धोरणावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात या मोहिमेची दखल घेतली आहे. पानिपत येथेच प्रारंभ झालेल्या सुकन्या समृद्धी खात्यामागेही असेच तत्त्व आहे. विशिष्ट हेतूसाठी बाजूला ठेवलेली रक्कम माणूस सहसा मोडत नाही. यास थेलर 'मानसिक हिशेब' म्हणतात.

परिणाम काय झाला? राज्याच्या नागरी नोंदणीनुसार हरियाणातील जन्मवेळचे लिंगगुणोत्तर २०१४ मध्ये ८७१ होते. ते २०१९ मध्ये ९२३ पर्यंत पोहोचले, मात्र २०२४ मध्ये पुन्हा ९१० वर आले. या वाढीचे श्रेय एकट्या प्रचारास देता येणार नाही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीचाही त्यात वाटा आहे. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने २०२१ मध्ये असे निदर्शनास आणले, की २०१६ ते २०१९ या काळात योजनेखाली दिलेल्या निधीपैकी सुमारे ७९ टक्के रक्कम माध्यमांतील प्रचारावर खर्च झाली. शिक्षण व आरोग्य यांकडे अधिक लक्ष द्यावे, असा समितीचा आग्रह होता. यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. संदेश मनाचे दार उघडतो, पण उघडलेल्या दारातून आत येण्यासाठी शाळा, वसतिगृह, सुरक्षित प्रवास आणि रोजगार हे प्रत्यक्षात असावे लागतात.

बुद्धिमत्ता : मोजमाप आणि मर्यादा

बुद्धिमत्तेची सर्वमान्य व्याख्या नाही. अनुभवापासून शिकण्याची, अमूर्त विचार करण्याची आणि परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता, असे तिचे वर्णन सामान्यतः केले जाते. चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये एक सामान्य घटक सर्व बौद्धिक कार्यांच्या मुळाशी असल्याचे मांडले. लुई थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता सांगितल्या. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा, तर रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८५ मध्ये विश्लेषक, सर्जनशील व व्यावहारिक अशा त्रिविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला. ओडिशात जन्मलेले जे. पी. दास यांनी सहकाऱ्यांसह नियोजन, अवधान आणि दोन प्रकारच्या माहिती-प्रक्रिया यांवर आधारित प्रतिमान दिले. त्यात बोधनिक दृष्टिकोन स्पष्ट दिसतो.

पहिली व्यवहार्य कसोटी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना विशेष मदत द्यावी, हा तिचा हेतू होता. मुलांवर शिक्का मारणे हा नव्हता. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली : मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणावे. दहा वर्षांच्या मुलीचे मानसिक वय बारा असल्यास तिचा बुद्धिगुणांक १२० येतो. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी व कन्नड भाषांत रूपांतर केले. ती 'बिने-कामत कसोटी' म्हणून ओळखली जाते. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमत्ता मापन आणि संवर्धन या दोहोंची सांगड घालण्याचे कार्य केले.

बुद्धिमापनाच्या मर्यादा मात्र परीक्षार्थींनी विसरू नयेत. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय अंतर नव्हते. सर्वांसमक्ष नाव व जात पुकारल्यावर तथाकथित खालच्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. मुलांच्या क्षमतेत काहीच बदल झाला नव्हता. बदलली होती ती सभोवतालची परिस्थिती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची दोनदा चाचणी घेतली. तोडणीपूर्वी हात रिकामा असताना शेतकऱ्यांची जी कामगिरी होती, तीच तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर सुधारली. माणूस तोच, बुद्धी तीच. चिंतेने कार्यकारी स्मृतीची जागा अडविली होती. गरीब माणूस विचार न करता निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, हा समज यामुळे उलटा ठरतो.

यास शारीरिक बाजूही आहे. गरोदरपणी व बालपणी आयोडीनची कमतरता राहिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने टाळता येण्याजोग्या मेंदूहानीचे हे एक प्रमुख कारण मानले आहे. म्हणजे आयोडीनयुक्त मीठ, पोषण आहार आणि अंगणवाडी हे बुद्धिमत्ता धोरणाचेच भाग होत.

विद्यार्थ्यांसाठी आणि भावी प्रशासकांसाठी

हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले, की शिकलेले सुरुवातीच्या काळात वेगाने विसरले जाते व पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका रात्रीत दहा वेळा वाचण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने उजळणी करणे अधिक फलदायी. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांनुसार पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतल्यास माहिती अधिक काळ टिकते. पाठ वाचताना 'हे मला येते' असे वाटते, ते बहुधा प्रत्यभिज्ञेचे समाधान असते. वर्णनात्मक परीक्षेत कस लागतो तो प्रत्यावाहनाचा.

या संकल्पनांचा खरा उपयोग परीक्षेनंतर सुरू होतो. उद्या तहसील कार्यालयात अर्जाचा नमुना तयार करताना कार्यकारी स्मृतीची मर्यादा लक्षात ठेवावी लागेल, कारण वीस रकान्यांचा अर्ज भरताना गोंधळलेली विधवा अज्ञानी नसते, तिच्यावर भार अधिक असतो. मुलाखतीत उमेदवाराचे आडनाव ऐकताच मनात उमटलेला पहिला ग्रह दूर ठेवावा लागेल. साक्षीपुरावा नोंदविताना प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर अवलंबून असते, याचे भान ठेवावे लागेल. जागतिक बँकेने २०१५ चा विकास अहवाल मन, समाज आणि वर्तन या विषयास वाहिला, तो याच जाणिवेतून. लाभार्थी कसा विचार करतो हे अभ्यासणारा अधिकारी स्वतः कसा विचार करतो, हेही तपासून पाहील, तर योजना आणि माणूस यांच्यातील अंतर बऱ्याच अंशी कमी होईल.